बाही नेहमीप्रमाणे

आईच्या वहीत एकोणतिसाव्या पानावर पुरुषांच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरची कृती आहे. पाठ दहा ओळींत सांगितली आहे, पुढचा भाग आठ ओळींत, गळा तीन ओळींत. त्यानंतर शेवटची ओळ: ‘बाही नेहमीप्रमाणे.’ खाली आडवी रेघ. पान संपलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिडलो. मी सॉफ्टवेअर लिहितो, आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून त्यावर शेरे मारणं हा माझ्या नोकरीचा निम्मा भाग आहे. ‘पुढचं आधीसारखंच’ एवढं लिहून कुणी काम पाठवलं तर मी ते परत पाठवतो. कशासारखं? कुठल्या आधीसारखं? स्वेटरला दोन बाह्या असतात आणि नोकरी सांभाळून त्या विणायला महिना सहज जातो. त्या महिनाभराच्या कामासाठी वहीने दोन शब्द खर्च केले होते.

गेली दोन वर्षं मी ही वही वाचतो आहे. वाचतो म्हणजे विणतो. या काळात तिच्याविषयीचं माझं मत तीनदा बदललं, म्हणून वाटलं, कादंबऱ्यांची समीक्षा आपण वाचतोच, एकदा या वहीची लिहून पाहावी. विणकामाची कृती हा मराठीतला एक लेखनप्रकार आहे. तो छापला गेला, हाताने उतरवला गेला, ट्रंकेत जपून ठेवला गेला. जात्यावरच्या ओव्या गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. पाककृतींमध्ये कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० पासून घराघरात आहे, लेखिकेच्या नावासकट. विणकामाच्या कृती लिहिणाऱ्या एका तरी बाईचं नाव तुम्हाला आठवतंय का? मलाही नाही.

वही लांबट, दोनशे पानी, पुठ्ठ्याची. लग्नाआधी, ऐंशीच्या दशकात, आई बार्शीत महिला मंडळाच्या दुपारच्या वर्गाला जायची तेव्हाची. काही पानं बाईंनी फळ्यावर लिहिलेलं उतरवून घेतलेली, काही मासिकांतून घेतलेली, काही दुसऱ्या कुणाच्या वहीतून. हिंदी मासिकांचे बुनाई विशेषांक तेव्हा हातोहात फिरायचे. त्यातल्या ‘सीधा-उल्टा’चं ‘सुलट-उलट’ केलेली पानं लगेच ओळखू येतात, कारण मधेच एखादा ‘फंदा’ तसाच राहून गेलाय. काही पानांना काडेपेटीएवढा विणलेला नमुना टाचणीने लावला आहे, आणि टाचणीच्या गंजाचा डाग मागच्या तीन पानांवर उतरला आहे.

आता बार्शीत स्वेटर लागतो तरी किती? डिसेंबर-जानेवारीत सकाळी शाळेला जाताना, आणि पहाटेच्या एसटीत खिडकीशी बसलं तर. अकरा वाजेपर्यंत तो कमरेला बांधलेला असतो. थंडीसाठी आमच्याकडे वाकळ होती आणि घोंगडी होती. वाकळीला कृती लागत नाही, जुनी लुगडी लागतात. घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, सणगरांच्या मागावर विणलेली. ती लोकर इतकी राठ की तिचा स्वेटर केला तर माणूस दिवसभर खाजवत बसेल. गाव तसं गिरणीचं, पण ती सुताची. म्हणजे इथे स्वेटर हा पाहुणाच. मऊ लोकर लुधियानाहून यायची आणि कृती त्याहून लांबून: मिशनऱ्यांच्या शाळा, इंग्रज मडमा, मग शिवण-विणकामाचे वर्ग, मग मासिकं. म्हणूनच तर तो लिहून घ्यावा लागला. घरात बघून जे येतं ते कुणी लिहीत नाही. शेंगाचटणी आमच्या घरात कुठेही लिहून ठेवलेली नाही.

ज्यांनी कधी सुई धरलेली नाही त्यांच्यासाठी: विणकामात मुळात दोनच टाके, सुलटा आणि उलटा. खरं तर तेही एकच, कारण सुलट्या टाक्याची मागची बाजू म्हणजे उलटा. सुलटा समोरून इंग्रजी ‘व्ही’सारखा दिसतो, उलटा आडव्या गाठीसारखा. जाळी हवी असेल तर धागा पुढे घेऊन मुद्दाम भोक पाडायचं. त्याने एक टाका वाढतो, मग दुसरीकडे दोन टाके एकत्र विणून ती उधारी फेडायची. वेणी हवी असेल तर तीन टाके वेगळ्या सुईवर बाजूला ठेवायचे, पुढचे तीन आधी विणायचे, मग ठेवलेले. एवढंच. कितीही अवघड स्वेटर बघितला तरी त्यात यापलीकडे फारसं काही नसतं. सगळी गुंतागुंत क्रमाची असते. आणि क्रम सांगायचा म्हणजे भाषा आली.

वहीच्या भाषेकडे लक्ष गेलं ते क्रियापदांमुळे. मासिकातून उतरवलेल्या पानांवर ‘विणावे’, ‘घ्यावेत’, ‘बंद करावेत’ असं आहे. कुणी विणावे? कर्ता नाही. पोथीत, पंचांगात आणि औषधाच्या बाटलीवर हेच क्रियापद असतं. हुकूम आहे, पण आवाज चढलेला नाही, आणि समोर कोण आहे हे माहीत नसल्याचं भान आहे. वर्गात फळ्यावरून घेतलेल्या पानांवर ‘विणणे’, ‘घेणे’, ‘बंद करणे’. बाई फळा पुसणार आहेत, घाई आहे. आणि जी पानं आईने स्वतः विणून पाहून मग लिहिली, त्यांत क्रियापदच नाही: ‘१० नंबर. ७२ टाके. बॉर्डर १ सु १ उ, २० ओळी. मग ८ नंबर.’

तीन व्याकरणं म्हणजे तीन वाचक. पहिल्यात कुठलीतरी अनोळखी बाई, दुसऱ्यात वर्गातल्या शेजारणी, तिसऱ्यात आई स्वतः. जसजसा वाचक जवळचा होत जातो तसतशी क्रियापदं गळत जातात. ‘बाही नेहमीप्रमाणे’ हे तिसऱ्या व्याकरणातलं वाक्य आहे. ते मला उद्देशून नव्हतंच. मी दुसऱ्याचं पत्र उघडून ‘यात नीट लिहिलेलं नाही’ म्हणून रागावत होतो.

(यूट्यूबवर चौथं व्याकरण सापडतं: ‘तर आता आपण काय करणार आहोत, की धागा पुढे घेणार आहोत.’ हे ‘आपण’ फार प्रेमळ आहे. पण विसावी ओळ पुन्हा बघायची असेल तर ते आपल्याला चाळीस मिनिटांचा व्हिडिओ मागेपुढे करायला लावतं.)

पण मी शिकलो ते या वहीवरून नाही. ऑनलाइन विकत घेतलेल्या एका इंग्रजी कृतीवरून शिकलो. सोळा पानांची पीडीएफ. २००७ मध्ये जेसिका आणि कॅसिडी फोर्ब्स या जोडप्याने रॅव्हलरी ही साइट सुरू केली, तेव्हापासून जगभरचे विणणारे अशा कृती तिथे लिहितात, विकतात, एकमेकांच्या तपासतात. माझ्या कृतीत नऊ मापं होती, प्रत्येक संक्षेपाचा खुलासा होता, पाठ-बाही-गळा यांची सेंटिमीटरमधली आकृती होती, आणि विकण्याआधी ती पाचसहा अनोळखी लोकांनी विणून पाहिली होती. लेखन म्हणून मला ती आजही आवडते. तिला वाचकाबद्दल एकच गोष्ट माहीत आहे: तो एकटा आहे, रात्रीचे अकरा वाजलेत, आणि विचारायला कुणी नाही.

त्या कृतीत लिहिलं होतं, ८ नंबरच्या सुया. मी बार्शीतल्या दुकानात गेलो आणि ८ नंबरच्या सुया आणल्या. पाठीचे ९० टाके घातले. ती ५० सेंटिमीटर व्हायला हवी होती. महिन्याभराने मोजली तर ४१.

झालं असं की सुयांचे नंबर दोन प्रकारचे असतात. आपल्याकडची दुकानं जुन्या ब्रिटिश पद्धतीने चालतात. ते नंबर तारेच्या जाडीच्या मापावरून आलेले, त्यामुळे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकन पद्धत बरोबर उलटी, नंबर वाढतो तशी जाडी वाढते, आणि तिथला ८ नंबर ५ मिलिमीटरचा. कृतीला १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके हवे होते, माझ्या सुयांवर २२ बसत होते. नव्वदला बावीसने भागा, माझी पाठ मिळेल. आणि कृतीत ५ मिलिमीटर असं स्पष्ट छापलेलं होतं. आधी दहा सेंटिमीटरचा चौकोन विणून टाके मोजा, असंही होतं, ठळक अक्षरात. मी ते सोडून दिलं, जसं आपण अ‍ॅपच्या अटी सोडून देतो.

म्हणजे सगळं सांगितलेलं असूनही मी चुकलो होतो. आईने पहिल्याच आठवड्यात हात लावून सांगितलं होतं, ‘घट्ट होतंय हे.’ मी म्हणालो, ‘कृतीत असंच आहे.’ ती काही बोलली नाही. महिन्याने उसवताना धागा गुंडाळायला मात्र बसली.

त्यानंतर मी वहीकडे वळलो. भाचीसाठी जाळीचा स्वेटर, पान चौदा. ७२ टाके, आणि जाळीची ओळ अशी: ‘१ सु, धा. पु., २ सु, २ ए., २ सु, धा. पु.’ — हे पुन्हा पुन्हा. ‘धा. पु.’ म्हणजे धागा पुढे, ‘२ ए.’ म्हणजे दोन टाके एकत्र. मी दहा वेळा हा क्रम विणला आणि सुईवर दोन टाके उरले. पुन्हा मोजलं, पुन्हा दोन. आणि विणलेल्या बाजूला बहात्तरचे ब्याऐंशी झाले होते.

इथे मी पहिल्यांदा विणणं थांबवून हिशेब केला. क्रमात लागणारे टाके: एक, दोन, दोन, दोन. सात. होणारे टाके: एक, भोकाचा एक, दोन, एकत्र झालेला एक, दोन, भोकाचा एक. आठ. प्रत्येक क्रमाला एक टाका फुकटचा वाढतोय. दोन भोकांची उधारी आणि फेड एकाच टाक्याची. फेड पुरी व्हायची तर मधे दोन नव्हे, तीन टाके एकत्र हवेत. मग आठ घेतले, आठ झाले, आणि बहात्तरमध्ये आठाचे क्रम बरोबर नऊ बसतात.

पान मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. आईने शाईने ‘२’ लिहिला होता. त्याच्यावर पेन्सिलीने, अगदी बारीक, एक जादा वळण काढलेलं होतं. ‘२’चा ‘३’. मी इतके दिवस तो डाग समजत होतो. आईला दाखवलं तर ती म्हणाली, ‘हे माझं नाही. वही कुणीतरी नेली असेल उतरवायला.’

म्हणजे वही नेणाऱ्या त्या बाईच्या सुईवरही दोन टाके उरले होते. तिनेही हिशेब केला, चूक शोधली, आणि वही परत करताना न बोलता दुरुस्त करून दिली. ज्ञानेश्वरीच्या प्रती उतरवताना शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत तयार केली, हे आपण शाळेत शिकतो. दोन आणि तीनमधला गोंधळ हा नागरी लिपीतला नेहमीचा घोटाळा, कुणाही नकलकाराचा होणारा. पण पोथीतला अपपाठ कळायला एकनाथ लागतात. जाळीतला अपपाठ ओळ संपताच टाके सांगतात. फक्त वाचणाऱ्याला मोजता आलं पाहिजे, आणि मोजल्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा सुईवरच्या आकड्यावर विश्वास ठेवता आला पाहिजे. मला हे दुसरं जमत नव्हतं.

‘विणकाम म्हणजे कोडिंगच की रे,’ असं ऑफिसात ज्याला ज्याला सांगितलं तो तो म्हणाला. सोलापुरी चादरीबद्दल म्हणत असाल तर मान्य. जकार्ड मागाला भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं लावतात, ताण्यातले कुठले धागे उचलायचे ते कार्ड ठरवतं, माग विचार करत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या या मागाची कार्डंच पुढे बॅबेजने आपल्या गणितयंत्राच्या आराखड्यात घेतली, तेव्हा नातं खरं आहे. पण कार्डात एक भोक चुकलं तर माग चुकलेला मोर इमानाने विणत राहील, शंभर चादरींवर. माझी ४१ सेंटिमीटरची पाठ मी अशीच विणली होती. हाताने विणणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर मात्र दोन मजकूर असतात, एक कागदावरचा आणि एक सुईवरून खाली उतरत असलेला. व्ही कुठे आहेत, गाठी कुठे आहेत, जाळीचं भोक मागच्या भोकाच्या नेमकं वर आलंय की एक टाका सरकलंय, हे सगळं विणीत लिहिलेलं असतं. अवघड कृती जमू लागते ती या दुसऱ्या मजकुराचं वाचन सुरू झाल्यावर.

यामुळे आलेखांबद्दलचं माझं मतही बदललं. बार्बरा वॉकर या अमेरिकन बाईने १९६८ पासून शेकडो नमुन्यांची जाडजूड पुस्तकं काढली, आणि त्यातल्या नंतरच्या पुस्तकात तिने शब्द सोडून चौकटींचे आलेख धरले. आलेख खालून वर वाचायचा. सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे, उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. पहिल्यांदा डोकं फिरतं. पण आलेख विणीसारखा दिसतो, म्हणून दोन्ही मजकूर शेजारी ठेवून ताडता येतात. शब्दांतल्या ओळीत ‘२’चा ‘३’ लपू शकतो. आलेखात तीन एकत्रच्या दोन्ही बाजूंना भोकं समोरासमोर उभी असतात, एक चौकट चुकली तरी डोळ्यांना खुपते. आईच्या वहीत आलेख फक्त दोन आहेत, गणिताच्या वहीतली पानं फाडून चिकटवलेले. ते दोन्ही बिनचूक आहेत.

तर बाही.

बाबांसाठी स्वेटर घेतला, एकोणतिसावं पान. पाठ ११० टाके, पुढचा भाग ११०, दहा सेंटिमीटरला २२. (चौकोन विणून मोजले.) दोन्ही भाग झाले, मुंढे कमी केले, गळा झाला. मग त्या दोन शब्दांशी येऊन थांबलो. आईने विणकाम सोडून बरीच वर्षं झाली, अंगठा दुखतो. तिला विचारलं, ‘नेहमीप्रमाणे म्हणजे कसं?’

‘म्हणजे नेहमीसारखं. बाही काय वेगवेगळी असती का?’

‘पण टाके किती?’

‘किती म्हणजे... पाठ कितीची आहे?’

सांगून जमेना म्हणून तिने सुया घेतल्या. टाके भराभर पडू लागले. मी मधे ‘मोठ्याने मोज ना’ म्हणालो की तिची मोजणी चुकायची आणि ती वैतागायची. शेवटी मी गप्प बसलो. ४४ टाके. मग कुठून आले ते विचारलं. ‘पाठीचे पाच भाग करायचे, दोन घ्यायचे.’ एकशेदहाचे पाच भाग, बावीस-बावीसचे. दोन म्हणजे ४४. ‘आणि काखेपाशी?’ ‘तीन भाग आणि वर थोडे, हात कसाय त्यावर.’ छासष्ट आणि थोडे: ७२. चव्वेचाळीसचे बहात्तर करायचे तर दोन्ही कडांना एकेक टाका चौदा वेळा वाढवायचा. ‘दर आठव्या ओळीला,’ ती म्हणाली. चौदा आठे एकशेबारा ओळी. माझ्या विणीत दहा सेंटिमीटरला ३० ओळी, म्हणजे सदतीस सेंटिमीटर, खाली सहाची बॉर्डर, त्रेचाळीस. बाबांची बाही ४५ आहे. वर सहा ओळी साध्या विणल्या की झालं.

एलिझाबेथ झिमरमन ही इंग्लंडात जन्मलेली, अमेरिकेत राहिलेली विणणारी. मासिकं आणि लोकरीच्या कंपन्या तिच्या कृती आपल्या छापील साच्यात बदलून टाकायच्या, म्हणून तिने १९५९ मध्ये स्वतःची छोटी प्रकाशनसंस्था काढली. तिचं ‘निटिंग विदाउट टिअर्स’ १९७१ चं. तिचा प्रसिद्ध हिशेब असा: अंगाच्या घेराचे टाके म्हणजे शंभर टक्के, त्याच्या वीस टक्के मनगटाला, तेहेतीसच्या आसपास दंडाला. बाबांच्या स्वेटरचा घेर २२०. वीस टक्के ४४. तेहेतीस टक्के ७२ आणि थोडे. ते पुस्तक वाचताना मी थांबून पुन्हा वाकळीवर पसरलेल्या पाठीकडे पाहिलं. आईने झिमरमनचं नाव ऐकलेलं नाही, आणि वर्गातल्या बाईंनीही ऐकलं असण्याची शक्यता कमी. झिमरमनच्या या हिशेबाला विणकामाच्या जगात तिच्या नावाने ओळखतात. आमच्याकडे त्याला ‘नेहमीप्रमाणे’ म्हणतात.

‘हे वहीत का नाही लिहिलंस?’

‘ते कुठं लिहायचं असतं? ते सगळ्यांना माहीत होतं.’

इथे लेख संपवणं सोपं होतं. जुन्या बायकांचं न लिहिलेलं शहाणपण, आपण करंटे, वगैरे. पण मला ते पटत नाही. ‘सगळ्यांना’ म्हणजे कुणाला? ज्यांची दुपार मोकळी होती त्यांना. बार्शीत त्याच दुपारी डाळ मिलमध्ये बायका कामाला होत्या, सोलापुरात विड्या वळत होत्या. ज्यांच्या घरून लोकरीला आणि वर्गाच्या फीला पैसे मिळत होते त्यांना. आणि त्यातल्याही ज्या लग्नानंतर बार्शीतच राहिल्या त्यांना. वर्गातली एखादी मुलगी लग्न होऊन आडगावी गेली, सोबत ही वही, आणि दोन वर्षांनी ‘बाही नेहमीप्रमाणे’शी येऊन थांबली, तर तिने विचारायचं कुणाला? पाठ आणि पुढचा भाग झालेला, बाह्या नसलेला स्वेटर जुन्या ट्रंकांतून निघतो तेव्हा आपण म्हणतो, संसारात राहून गेलं. कदाचित कृतीत राहून गेलं असेल. वहीचं मौन गोड वाटतं ते माझी आई शेजारच्या खोलीत आहे म्हणून. लेखन म्हणून तो दोषच आहे, आणि सोळा पानांची पीडीएफ त्या बाबतीत उजवी आहे.

तरी पूर्ण दोष म्हणवतही नाही. १९६२ च्या चीन युद्धात देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणून पाठवले. ज्याची छाती मोजलेली नाही, हात पाहिलेला नाही, त्या माणसासाठी. तेव्हा मापाचा कागद नसतानाही बाही बाहीएवढी झाली असेल ती अशाच एखाद्या पाच भागांच्या हिशेबाने. असे हिशेब तोंडी होते म्हणून लांब गेले, आणि तोंडीच होते म्हणून मधेच तुटलेही. दोन्ही गोष्टी एकाच कारणाने घडल्या आणि त्यातली एकच निवडायला मला जमत नाही.

एकोणतिसाव्या पानाची मागची बाजू कोरी होती. तिथे मी बाही लिहिली. कुठलं क्रियापद वापरायचं यावर बराच वेळ गेला. शेवटी ‘विणावे’ लिहिलं, म्हणजे अनोळखी माणसाचं. पाच भागांचा हिशेब, आठव्या ओळीचा नियम, सुईचा नंबर आणि त्यापुढे मिलिमीटर. आईने चष्मा लावून वाचलं. म्हणाली, ‘एवढं लांबण लावलंयस होय!’ मग पेन्सिल मागितली आणि ‘दर आठव्या ओळीला’च्या पुढे लिहिलं: ‘हात आखूड असेल तर सहाव्या.’

क्रियापद तिने घातलं, ही माझी निरीक्षणनोंद. बाबांच्या स्वेटरची डावी बाही झाली आहे. उजवी चौसष्टाव्या ओळीवर आहे, सुईवर साठ टाके. हे लिहिण्याआधी मोजले.